गणिताचा आनंद



नवव्या शतकात ‘गणितसारसंग्रह’ रचणाऱ्या महावीराचार्यांचा वारसा लाभलेल्या समाजाला गणित परके नाही. तरीही महाविद्यालयात पाऊल ठेवताच अनेकांसाठी हा विषय केवळ गुणांपुरता उरतो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे जीवन याबाबतीत बोधप्रद आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेऊन, पदव्युत्तर शिक्षण न घेता, ते शेजारच्या नाशिक जिल्ह्यात देवळाली येथे शालेय शिक्षक झाले. अध्यापन करतानाही विद्यार्थिदशेतील छंद त्यांनी सोडला नाही. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा अद्भुत गुणधर्म मांडला.

अहमदनगर महाविद्यालयाचे स्थापनावर्ष घ्या: १९४७. त्यातील अंक उतरत्या क्रमाने मांडल्यास ९७४१, चढत्या क्रमाने १४७९, वजाबाकी ८२६२. हीच कृती पुनःपुन्हा केल्यास ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४! चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथेच विसावते.

हे पाहण्यास वजाबाकी पुरते, ‘असे का?’ हा शोध मात्र उच्च शिक्षणाचा प्राण होय. प्राध्यापकांनी तो प्रश्न वर्गात जागवावा, उत्तराची घाई करू नये. पालकांनीही निकालाच्या दिवशी गुणांबरोबर ‘यंदा कोणते गणित आवडले?’ असे आवर्जून विचारावे. ज्याला उत्तर देता येईल, त्याचे शिक्षण सार्थकी लागले असे समजावे.