वाढतं वय आणि आपण आई-बाप
(वर्धापनदिनी केलेलं भाषण)



आम्ही गिरणी कामगार. रातपाळी करून सकाळी घरी यायचो, तर पंधरा वर्षांचा पोरगा झोपलेला. आळशी म्हणून एकदा आम्ही त्याला मारलं. पुढं या विषयावर वाचलं, तेव्हा आमची चूक कळली. ती आज सर्वांसमोर कबूल करतो.

मेलॅटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक या वयात रात्री उशिरा पाझरतं. म्हणून डोळा उशिरा लागतो. झोप मात्र ८ ते १० तास लागतेच.

सहाव्या वर्षीच मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के होतो. पण आकार वाढला म्हणजे मेंदू पक्का झाला असं नव्हे. राग, भीती, हौस जागवणारा भाग आधी जोर धरतो. त्यांना आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. पोरगा बापाच्या खांद्याला लागला, तरी समज यायला वेळ लागतो.

मुली मुलांच्या एक-दोन वर्षं आधी वयात येतात. पाळीत रक्तावाटे लोह जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं, मुलांमध्ये ३१. तेव्हा मायबहिणींनो, मुलीला उरलंसुरलं वाढू नका. शाळेत, अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिला घेऊ द्या.

हात उगारण्याआधी पोराजवळ पाच मिनिटं बसा, विचारपूस करा. आम्ही फार उशिरा बसलो.

जयभीम!