ओल्या कचऱ्याचा हिशेब

कल्याण-डोंबिवलीतली असंख्य कुटुंबं लोकलने कामावर जातात, त्यामुळे प्रवासातलं त्यांचं कार्बन उत्सर्जन मुळातच कमी. गर्दी सोसल्याचं एवढं तरी फळ! उत्सर्जन आणखी घटवायला वाव आहे तो स्वयंपाकघरात. भाजीची देठं, उरलेला भात ढिगाऱ्यात हवेविना कुजला की मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. कल्याणची आधारवाडी कचराभूमी २०२१मध्ये बंद झाली, कचरा मात्र थांबला नाही.

ओल्या कचऱ्याचं घरीच खत करा म्हटलं, तर वन रूम किचनमध्ये ते करायचं कुठे, दुर्गंधीचं काय, हा आक्षेप रास्त आहे. पण दुर्गंधी येते ती ओल वाढून हवा कोंडल्यामुळे. भोकं पाडलेल्या बादलीत प्रत्येक थरावर कोकोपीट किंवा सुका पाला घातला की ती आटोक्यात राहते. तेवढीही जागा नसेल, तर ओला कचरा निदान वेगळा द्यावा. प्लास्टिक मिसळलं की बायोगॅस प्रकल्पाचंही काम अडतं.