बॉनेटला घाई चालत नाही



माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम कासूला, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला. ट्रक-टेम्पोचे चेपलेले पत्रे हाच रोजचा धंदा. पण शनिवार-रविवारी मुंबईकर अलिबाग-पेणकडे येतात, त्यात एखादी जुनी स्पोर्ट्स गाडीही दारात येऊन थांबते. आणि मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मास्तर, बॉनेट असं करा की तोंड दिसलं पाहिजे." साहेब, तोंड बघायला घरी आरसा आहे. तुम्हाला बॉनेट कंपनीतून निघालं तसं हवंय ना? मग चमक विसरा.

१९५०च्या आसपासच्या बऱ्याचशा इंग्लिश गाड्यांवर, एमजी घ्या, जॅग्वार घ्या, सेल्युलोज रंग असायचा. आपले जुने पेंटर अजून त्याला डुकोच म्हणतात. पातळ हात मारायचा, सुकू द्यायचा, पुन्हा पातळ हात, मग पाण्याचा पेपर, शेवटी पॉलिश. या रंगाची चमक मऊ असते. वरून क्लिअर कोट नाही, काही नाही. आज होतं काय, तर दोन जाड हात मारले, वर क्लिअर ओतला, संध्याकाळी गाडी ताब्यात. लांबून बघणारा वाहवा म्हणतो. जाणकार जवळ येतो आणि काही न बोलता पुढच्या गाडीकडे जातो.

पातळ हात, आणि सुकायला वेळ. हे मी आज दोन-चारदा म्हणणार आहे, कंटाळू नका.

आमच्या पेणचा पापड तुम्ही खाल्लाच असेल. उडदाचा पापड लाटला की बायका तो कडक उन्हात फेकत नाहीत. उन्हाच्या तडाख्यात कडा आधी वाळतात, पापड वाकडा होतो, तडकतो. म्हणून सावलीत पसरायचा, उलटायचा, मग जरा कोवळं ऊन दाखवायचं. आणि हाताला कोरडा लागला म्हणून लगेच डब्यात भरायचा नाही. पोटात ओल राहिली तर महिन्याभरात बुरशी. सेल्युलोजचं अगदी हेच. वरची साय सुकते, बोट लावलं तर कोरडं, पण खाली थिनर अडकलेला. तो हळूहळू, कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो आणि रंग आक्रसतो. मग आज गुळगुळीत दिसलेल्या बॉनेटवर दिवाळीपर्यंत पेपरचे ओरखडे वर येतात, लांबीच्या, म्हणजे पुटीच्या, कडा उमटतात. मालक म्हणतो रंग वाईट. रंग बिचारा चांगला होता, पापड ओला भरला! तापलेल्या पत्र्यावर भर दुपारी मारलात तर त्याहून वाईट, बारीक फोड येतात. आणि पाऊस लागल्यावर तर पापड कोणी घालतं का? मग बॉनेट का रंगवता? थिनर झपाट्यानं उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढुरका होतो. रिटार्डर घालून थोडं निभावतं. पण आमच्याकडे आषाढात हवेत हवा कमी आणि पाणीच जास्त. तेव्हा हे काम थंडीत घ्या.

आता पत्र्याचं. एमजीए ही गाडी १९५५ ते १९६२ बनली, एक लाखावर निघाल्या. तिच्या बॉनेटचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. जॅग्वार एक्सके १२० पुढे पोलादी बॉडीची झाली, तरी बॉनेट ॲल्युमिनियमचंच राहिलं. हे का सांगतो, तर आपल्या पोरांना लांबी शोधायला लोहचुंबक फिरवायची सवय. चुंबक चिकटला नाही की खाली लांबी भरलीय, हे लोखंडाला ठीक. एका ठिकाणी पोरानं एमजीएच्या बॉनेटवर चुंबक फिरवला, कुठेच चिकटेना. त्यानं ठरवलं की अख्खं बॉनेट लांबीचंच, आणि ग्राइंडर उचलला. वेळेवर हात धरला म्हणून वाचलं. ॲल्युमिनियम मऊ, ग्राइंडरच्या उष्णतेनं लगेच लाटा पडतात. जुना रंग काढायला त्यावर कॉस्टिक तर अजिबात नको, ते पत्राच खातं. आणि उघड्या ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाही, पापुद्रे निघतात. आधी एच (etch) प्रायमर, तोही पत्रा साफ केल्या केल्या. तोही पातळ!

रंगाची शेड कुठून आणायची? फोटोवरून नाही, कृपा करा. ऊन न पोहोचलेली जागा शोधा: बिजागरीखाली, नंबरच्या पट्टीमागे, डॅशबोर्डच्या आत. रुपयाएवढी जागा बारीक पाण्याच्या पेपरनं घासा, एकाखाली एक रंग दिसत जातील. सगळ्यात खालचा तोच खरा, असंही नाही. रेड ऑक्साइड प्रायमरला जुना लाल रंग समजणारे आहेत. आणि हे सगळं रंग खरवडण्याआधी. एकदा पत्रा नागडा केलात की साक्षीदार गेला.

बॉनेटच्या आतल्या बाजूला काळा फासायची एक फॅशन आलीय. एमजीएला आतही बॉडीचाच रंग होता. बॉनेट उघडलं की इथेच चोरी पकडली जाते.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१पासून 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन बदललेलं नको. रंगाचं नाव त्या अटीत नाही. म्हणून तर रंगाची जबाबदारी आपल्यावर येते.

स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवताहेत. दोन मिनिटं.

काही जण म्हणतील, सेल्युलोज मिळत नाही, हार्डनर मिसळायचा टू-पॅकच मारतो, क्लिअर न मारता. मारा, नीट घासलात तर बरंच जवळ जातं. पण त्यातही पातळ हात, सुकायला वेळ. आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते रुमाल बांधून अडत नाही. त्यानं दमा जडतो, आणि एकदा जडला की नंतर थोडासा फवाराही सोसत नाही. आमच्या लायनीत कित्येकांनी त्याच्यापायी काम सोडलं. त्याला बाहेरची हवा नळीनं देणारा मास्क लागतो, आणि त्या नळीची हवा रंगाच्या खोलीतून घ्यायची नाही, ती घ्यायची... बरं, वेळ संपली म्हणताहेत. मास्कचं नीट विचारून घ्या कुणाला तरी, आणि तोवर टू-पॅकचा डबा उघडू नका.