चमक दिसणे आणि चमक सिद्ध होणे



कलबुर्गीतल्या या संमेलनात, मराठीतून, विज्ञानावर बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतली आपली मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी बोलतात आणि प्रयोगशाळेत इंग्रजी वाचतात. या मुलांना आपल्याच महाविद्यालयात हाती घेता येईल असा विषय मी आज निवडला आहे. शेतातल्या काडीकचऱ्यापासून प्रकाशणारे कार्बनचे सूक्ष्म कण बनवायचे आणि त्यांच्या उजेडात जिवंत पेशी पाहायची, असा तो विषय.

पेशी बहुतांशी पारदर्शक असते. तिच्या आत काय चालले आहे ते दिसायचे तर काहीतरी प्रकाशमान आत जावे लागते. नेहमीची अनेक रंगद्रव्ये तीव्र प्रकाशात लवकर फिकी पडतात. क्वांटम डॉट नावाचे प्रकाशणारे सूक्ष्म कण टिकाऊ असतात. त्यांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्यांतल्या अनेकांत कॅडमियम असते आणि ते पेशीला विषारी आहे. कार्बनचे महत्त्व इथे आहे. २००४ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात कार्बन नळ्यांची काजळी शुद्ध करताना संशोधकांना प्रकाशणारे कण अनपेक्षितपणे सापडले. २००६ मध्ये क्लेमसन विद्यापीठातील या-पिंग सुन यांच्या गटाने त्यांना कार्बन डॉट म्हटले आणि पुढच्याच वर्षी ते कण स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत पाहिले गेले. हे कण साधारण दहा नॅनोमीटरपेक्षा लहान असतात.

हे कण बनवायला फार मोठे यंत्र लागत नाही. २०१२ मध्ये राउरकेला येथील संशोधकांनी संत्र्याचा रस बंद पात्रात १२० अंश सेल्सिअसला अडीच तास तापवून कार्बन डॉट मिळवले. त्यांची प्रकाशक्षमता २६ टक्के होती, म्हणजे शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांपैकी सव्वीस परत बाहेर पडत होते. त्यानंतर दोन वर्षांनी माधुरी शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंबरनाथच्या महाविद्यालयीन संशोधन केंद्रातून अरबी डिंकापासून मायक्रोवेव्हने बनवलेल्या कार्बन डॉटचे काम प्रसिद्ध केले. त्यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक जोडून त्यांनी औषध वाहून नेणे आणि पेशी उजळणे ही दोन्ही कामे एकाच कणाकडून करून घेतली. एका महाविद्यालयाच्या केंद्रातून हे झाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. कलबुर्गी हे तुरीचे कोठार. इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बीदरमध्ये ऊस आहे. कच्चा माल भरपूर आहे, हे सगळेच सांगतात. मी थोडे सावधपणे सांगेन. बगॅस कारखान्याच्या बॉयलरला लागतो, डाळमिलची चुनी जनावरांच्या पोटात जाते, तुराट्या चुलीला आणि कुडाला लागतात. खरोखर वाया जाते ते शेतात पेटवले जाणारे पाचट, आणि सहज हाती येतो तो तुरीचा गळलेला पाला. पाल्यात नत्र असते, आणि कार्बनच्या जाळीत नत्र शिरले की बहुधा प्रकाश वाढतो. म्हणून पाला मला पाचटापेक्षा आशादायक वाटतो. मात्र पेशी पाहायला मिलिग्रॅमच्या मापात कण लागतात. यातून शेतकऱ्याला भाव मिळेल असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. यातून मिळेल ती आपल्या मुलांना संशोधनाची शिस्त.

ही शिस्त हाच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. पाला उकळून, गाळून, अतिनील दिव्याखाली धरला की काहीतरी चमकतेच. हिरव्या पानाचा न तापवलेला अर्कसुद्धा त्यातल्या हरितद्रव्यामुळे लाल चमकतो. कण बनताना सोबत लहान रेणूही बनतात. सायट्रिक आम्ल आणि अमाइन तापवून केलेल्या कणांत तर निळ्या उजेडाचा मोठा वाटा अशा रेणूंचा असल्याचे दिसून आले आहे. पेशी स्वतःही अतिनील प्रकाशात मंद निळसर-हिरवी उजळते. मग आपण छायाचित्रात पाहतो ते नेमके काय? कण, अशुद्धी, की पेशीचा स्वतःचा उजेड?

याचे उत्तर कष्टाचे आहे, महाग नाही. सेंट्रिफ्यूज करा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, डायलिसिसच्या पिशवीत ठेवून पाणी बदलत राहा आणि बाहेर आलेल्या पाण्याचाही उजेड मोजा. उजेड बाहेरच्या पाण्यात गेला, तर तो बहुधा कणांचा नव्हता. न तापवलेला अर्क आणि कण न घातलेल्या पेशी यांची मोजणी त्याच यंत्रावर, त्याच दिवशी करा. पेशी जगतात की मरतात हे तपासल्याशिवाय कण निरुपद्रवी म्हणू नका. निळ्या-हिरव्यावर थांबू नका, लाल उजेडाकडे जा, कारण तो ऊतींतून अधिक खोल जातो. रोज एका नव्या फळाची साल तापवून नवा शोधनिबंध लिहिता येतो, पण त्याने ज्ञान पुढे सरकत नाही.

कच्चा माल पारखण्याचे महत्त्व बीदरचा बिदरी कारागीर फार पूर्वीपासून जाणतो. जस्त-तांब्याची वस्तू काळी करायला तो नवसागरासोबत किल्ल्यातली माती वापरतो, पण कुठलीही माती त्याला चालत नाही. चांदी उजळ राहते आणि जस्त काळे पडते, ते माती पारखल्यामुळे. आपणही पाला पारखला पाहिजे. तुरीच्या मारुती वाणाचा की टीएस-३आरचा, कोणत्या गावचा, कोणत्या महिन्यातला, फवारणी झालेला की न झालेला, हे नोंदवल्याशिवाय दोन प्रयोगशाळांचे कण सारखे येणार नाहीत. वनस्पतीपासून बनवलेल्या कणांची सर्वांत मोठी अडचण हीच आहे, आणि ती दूर करायला शेतीत वाढलेल्या विद्यार्थ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगतो. आपल्या भागातले कर्करोगाचे रुग्ण बार्शी, सोलापूर, हैदराबाद गाठतात. त्यांच्या घरच्यांना या संशोधनातून आज उपचाराची आशा दाखवू नका. हे काम सध्या प्रयोगशाळेतल्या पेशींचे आणि प्राण्यांवरील चाचण्यांचे आहे.

या व्यासपीठावरून माझ्या तीन मागण्या आहेत. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी गुलबर्गा विद्यापीठ आणि कडगंचीचे केंद्रीय विद्यापीठ यांच्याकडे महागड्या उपकरणांच्या वापरासाठी एकत्रित मागणी करावी. पाल्याच्या नमुन्यांची एक सामाईक नोंदवही मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवावी, म्हणजे शेतकऱ्यालाही ती वाचता येईल आणि तपासता येईल. आणि फसलेले प्रयोगही पुढच्या संमेलनात मांडले जावेत.

सीमाभागातल्या विद्यार्थ्याला कुणी सवलत देऊ नये. त्याचे काम कुठल्याही मोठ्या संस्थेने पुन्हा करून पाहावे आणि तेच उत्तर मिळावे. तशी तयारी करून देणे ही आपल्या अध्यापकांची जबाबदारी आहे, आणि ती आपण याच वर्षी उचलावी, अशी मी आपणा सर्वांना विनंती करतो.