झुरिकचा विद्यार्थी, पुण्याचा संचालक



परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या मुलाला वा मुलीला निरोप देताना आपल्या घरांतून दोन सूचना हमखास दिल्या जातात. एक, अभ्यासाकडे लक्ष दे. दुसरी, नसते धाडस करू नकोस. या सूचनांमागील माया खरी आहे. बँकेचे कर्ज काढून, प्रसंगी दागिने मोडून पाठविलेले लेकरू सुखरूप परतावे असे कोणत्या आईबापांना वाटणार नाही? परंतु अभ्यास आणि साहस ही एकमेकांची वैरी आहेत, हे जे त्यात गृहीत धरलेले असते, ते मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. त्यासाठी आजच्या विवेचनात एका विद्यार्थ्याचे उदाहरण घ्यावयाचे आहे. तो भारतीय नव्हता. परंतु त्याच्या आयुष्याची वाट अखेरीस पुण्याच्या पाषाण परिसरापर्यंत येऊन पोहोचली.

जॉर्ज इंगल फिंच याचा जन्म १८८८ साली ऑस्ट्रेलियातील ऑरेंज या गावी झाला. वयाच्या तेराव्या वर्षी शिकारीच्या नादात तो गावाजवळची एक टेकडी पहाटे चढून गेला आणि वर पोहोचताच उगवत्या सूर्याच्या प्रकाशात पसरलेला सारा मुलूख पाहून स्तब्ध झाला. शिकार बाजूला राहिली. डोंगरमाथ्यावरून जग पाहण्याचे वेड लागले ते कायमचेच. १९०२ साली हे कुटुंब युरोपात आले. मॅटरहॉर्न शिखर प्रथम सर करणाऱ्या एडवर्ड व्हिंपर याचे आल्प्सवरील पुस्तक जॉर्ज आणि त्याचा धाकटा भाऊ मॅक्स यांच्या हाती पडले. मग काय विचारता! पॅरिसच्या नोत्र दाम या प्राचीन चर्चवर ही जोडगोळी भलत्याच वाटेने चढून गेली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बीची हेड नावाचा खडूचा ठिसूळ कडा चढताना तर प्राणावरच बेतले होते.

याला साहस म्हणावे काय? नाही. हा पोरकटपणा होता, आणि अशा पोरकटपणापासून मुलांना परावृत्त करणारे पालक योग्यच करतात. फिंचच्या जीवनाचा खरा धडा पुढे सुरू होतो.

पॅरिसमध्ये वैद्यकाच्या अभ्यासात मन न रमल्याने जॉर्ज १९०७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात रसायनशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाला. आल्बर्ट आइनस्टाइन काही वर्षांपूर्वी याच संस्थेतून पदविका घेऊन बाहेर पडले होते. येथील विद्यार्थ्यांचा एक गिर्यारोहण मंडळ होता, १८९६ साली स्थापन झालेला. जॉर्ज त्याचा सभासद झाला आणि पुढे अध्यक्षही.

त्या काळी आल्प्समध्ये जाणारे धनिक इंग्रज स्थानिक वाटाड्ये पैसे देऊन बरोबर घेत. बर्फात पायऱ्या खोदायच्या त्या वाटाड्याने, वाट निवडायची ती त्याने, हवामानाचा अंदाजही त्यानेच बांधायचा. साहेबाने मागोमाग पावले टाकायची आणि शिखरावर पोहोचल्याचे श्रेय घ्यायचे. विद्यार्थ्यांच्या खिशात एवढे पैसे कोठून असणार? आणि ज्यांच्यापाशी होते त्यांनाही ते कमीपणाचे वाटे. म्हणून ही मुले स्वतःच शिकली. बर्फाचे प्रकार कोणते, कोणत्या उतारावर हिमलोट कोसळण्याचा संभव असतो, दोराला बांधलेला सहकारी घसरला तर क्षणार्धात काय करायचे, परतीला किती वेळ राखून ठेवायचा, या प्रत्येक गोष्टीचा त्यांनी प्रयोगशाळेतील शिस्तीने अभ्यास केला. हिवाळ्यात बर्फावरील फळ्या पायांना बांधून ते डोंगरात जात. नोत्र दामवर चढणारा वात्रट पोरगा येथे गिर्यारोहक झाला. धाडस तेच, परंतु त्याला विद्येचे अधिष्ठान मिळाले.

येथे क्षणभर थांबून एका गोष्टीचे स्मरण ठेवले पाहिजे. अगदी याच वर्षांत, १९०६ पासून, विनायक दामोदर सावरकर लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते, आणि ८ जुलै १९१० रोजी मार्सेलच्या बंदरात त्यांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली. फिंचसारख्या स्वतंत्र देशांतील विद्यार्थ्यांना साहसासाठी शिखरे मोकळी होती. आपल्या विद्यार्थ्यांपुढे पारतंत्र्याचा कडा उभा होता. दोन्ही साहसे एका मापाने मोजता येणार नाहीत, आणि तसा येथे प्रयत्नही नाही. परदेशी शिकणाऱ्या तरुणाचे धैर्य कोणत्या कामी यावे हे त्याच्या देशाची स्थिती ठरविते, एवढेच सांगायचे.

झुरिकमध्ये फिंच बंधूंना एक जिवलग सोबती लाभला. आल्फ ब्रिन हा नॉर्वेचा विद्यार्थी. १९०८ साली नॉर्वेतील गिर्यारोहकांची संस्था स्थापन करणाऱ्यांत तो होता, तेव्हा त्याचे वय होते अवघे एकोणीस. त्या संस्थेचे दुसरे एक संस्थापक कार्ल रुबेन्सन यांनी १९०७ साली सिक्कीमच्या सीमेवरील काब्रू शिखरावर चढाईचा प्रयत्न केला होता आणि माथ्याच्या अगदी जवळ ते पोहोचले होते. हिमालयाचे नाव या मुलांच्या कानांवर असे घरच्या गोष्टीसारखे येत असणार.

१९०९ साली वसंतातील सुट्टीत जॉर्ज, मॅक्स आणि आल्फ हे तिघे भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावर गेले. नेपोलियनची ही जन्मभूमी. कुळाकुळांतील पिढीजात सूडासाठी आणि रानात दडलेल्या फरारी लोकांसाठी ती तेव्हा युरोपभर कुप्रसिद्ध होती. बेट लहान, परंतु समुद्रातून एकदम उठावलेले. मोंते चिंतो हे सर्वोच्च शिखर २,७०६ मीटर उंच. वसंतातही माथ्यांवर बर्फ असते. आपल्या सह्याद्रीची ज्यांना ओळख आहे, त्यांनी कल्पना करावी की कोकणच्या किनाऱ्यावरून वर पाहावे आणि कळसूबाईहून हजार मीटरहून अधिक उंच, हिमाच्छादित कडे दिसावेत! या तिघांनी तंबूत राहून तेथील शिखरे धुंडाळली. त्यांपैकी कापु ताफुनातु या शिखराला तर आरपार प्रचंड भोक आहे. नेढे म्हणजे काय हे राजगडावर गेलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही. त्या उभ्या, निरुंद भिंतीवर हे विशीतले विद्यार्थी वाटाड्याशिवाय चढले.

ब्रिनने या सहलीची हकीकत पुढे पुस्तकरूपाने लिहिली. शिखरे आणि डाकू अशा अर्थाचे नाव असलेले ते पुस्तक १९४३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा नॉर्वे जर्मनीच्या टाचेखाली होता. आपला देश परक्यांच्या ताब्यात असताना पन्नाशी ओलांडलेला लेखक तरुणपणीच्या मोकळ्या डोंगरांची आठवण काढतो, याचे मर्म आपल्याला सहज कळावे. ब्रिन १९१० साली रुबेन्सन आणि आणखी एका सोबत्यासह नॉर्वेतील स्टेटिंड हे दुर्गम शिखर प्रथम चढला. एक सुट्टी वाया गेली नव्हती, एवढे यावरून दिसते.

जॉर्ज फिंच रसायनशास्त्रज्ञ होऊन लंडनला गेला. १९२१ साली एव्हरेस्टकडे निघालेल्या पहिल्या ब्रिटिश मोहिमेत त्याची निवड झाली, आणि प्रकृतीचे कारण सांगून त्याला ऐनवेळी वगळले. १९२२ मध्ये मात्र तो गेला. दोन गोष्टी त्याने बरोबर नेल्या. पहिली, बलूनसाठी वापरल्या जाणाऱ्या कापडात पक्ष्यांची मऊ पिसे भरून स्वतः तयार करविलेला कोट. लोकरी कपड्यांवर विसंबलेल्या सहकाऱ्यांनी तो पाहून थट्टा केली. थंडी वाढली तशी थट्टेची जागा हेव्याने घेतली. आज हिमालयात जाणारा प्रत्येक जण ज्या जातीचे जाकीट घालतो, त्याचा हा पूर्वज. दुसरी गोष्ट प्राणवायूची नळकांडी. ती वापरणे हे अखिलाडूपणाचे आहे, असे अनेकांचे मत होते. फिंचने वाद घातला नाही, मोजमाप केले.

मे महिन्याच्या अखेरीस फिंच, जेफ्री ब्रूस आणि गुरखा पलटणीचा शिपाई तेजबीर बुरा असे तिघे सुमारे ७,८०० मीटर उंचीवर तंबूत होते. ब्रूसने त्यापूर्वी एकही खरे शिखर चढलेले नव्हते. रात्री वादळ उठले. तंबू उडून जाऊ नये म्हणून ते आळीपाळीने कापड धरून बसले. दुसरा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी, त्या वादळात, खालच्या तळावरून काही हमाल गरम चहाचे थर्मास घेऊन वर आले. त्यांची नावे मोहिमेच्या कीर्तीत कोठे दिसत नाहीत. परंतु त्या रात्री तिघांचे प्राण त्या चहाने तगले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. दुसऱ्या रात्री थंडीने अवयव बधिर होऊ लागले, तेव्हा फिंचला कल्पना सुचली. प्राणवायूची एक नळी त्याने सर्वांना थोडीथोडी हुंगायला दिली. अंगात ऊब आली, झोप लागली. रसायनशास्त्राचा विद्यार्थी आणि डोंगरातला विद्यार्थी त्या तंबूत एकरूप झाले होते.

२७ मे रोजी ते निघाले. जड ओझे वाहणारा तेजबीर ७,९०० मीटरच्या पुढे थकून कोसळला आणि त्याला परत पाठवावे लागले. पुढे ब्रूसच्या संचातील काचेची नळी फुटली. फिंचने आपल्याच संचातून त्याला श्वास दिला आणि त्या उभ्या उतारावर बसून दुरुस्ती केली. ते ८,३२० मीटरवर होते, तोवर कोणीही मनुष्य चढला नव्हता इतके उंच. माथा सुमारे ५०० मीटर वर, डोळ्यांपुढे. फिंचने ब्रूसकडे पाहिले. आणखी थोडे जरी वर गेलो तर दोघेही जिवंत परतणार नाही, हे त्याला कळले. तो फिरला. बीची हेडच्या कड्यावर जे त्या पोराला सुचले नव्हते, ते येथे सुचले.

पुढच्या महिन्यात त्याच मोहिमेच्या आणखी एका प्रयत्नात हिमलोटाखाली सात हमाल ठार झाले. फिंच तेव्हा परतीच्या वाटेवर होता. १९२४ साली शामोनी येथे या मोहिमेला ऑलिंपिक पदके देण्यात आली, त्यांत त्या सात जणांचा आणि तेजबीर बुरा याचाही समावेश झाला. साम्राज्याच्या काळातला हा अपवाद नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

फिंचच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. वसाहतीत जन्मलेला, जर्मन भाषेत शिकलेला, प्रतिष्ठित इंग्रजी विद्यापीठांचा शिक्का नसलेला हा मनुष्य मोहिमेतील बड्यांना खटकत असे. तो आपले बूट स्वतः दुरुस्त करतो, हेही काहींना सभ्य गृहस्थाला न शोभणारे वाटले, असे सांगतात. व्याख्याने आणि छायाचित्रांच्या हक्कांवरून वाद झाला, आणि १९२४ च्या मोहिमेत सर्वाधिक उंचीचा अनुभव असलेल्या या माणसाला स्थान मिळाले नाही. श्रमाला कमी लेखणारी प्रतिष्ठा आपल्याही समाजात काही कमी नाही, तेव्हा इंग्रजांना हसण्यापूर्वी थोडे घरात पाहावे.

तो प्रयोगशाळेत परतला. १९३८ साली रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. आणि १९५२ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, स्वतंत्र भारताने त्याला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद दिले. ही प्रयोगशाळा सुरू होऊन अवघी दोन वर्षे झाली होती. १९५७ पर्यंत प्रा. फिंच तेथे होते. त्यांच्यानंतर कृष्णस्वामी वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले.

२९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा दोघांच्याही पाठीवर प्राणवायूची नळकांडी होती. ज्याने एकतीस वर्षांपूर्वी त्या नळकांड्यांसाठी सहकाऱ्यांची थट्टा सोसली होती, तो झुरिकचा जुना विद्यार्थी त्या दिवसांत पुण्याच्या प्रयोगशाळेचा कारभार पाहत होता.