रझांची सुरुवातीची जलरंगचित्रे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानावरून)



सय्यद हैदर रझा हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे उभा राहतो तो त्यांचा काळाभोर बिंदू. त्यांचे ‘जेस्टेशन’ हे १९८९ सालचे चित्र २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ५१ कोटी ७५ लाख रुपयांना विकले गेले. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते बिंदू गवसण्यापूर्वीच्या रझांविषयी. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी कागदावर रंगविलेल्या लहान लहान जलरंगचित्रांविषयी.

रझांचा जन्म १९२२ सालचा, नर्मदाकाठच्या मंडला जिल्ह्यातला. वडील वनखात्यात नोकरीस. चित्रकलेचे पहिले रीतसर शिक्षण त्यांनी नागपूरच्या कलाशाळेत घेतले व पुढचे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत. मुंबईत पोटासाठी एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी करावी आणि उरलेल्या वेळात शहर रंगवावे, असा त्यांचा क्रम होता. पावसाने ओथंबलेले फ्लोरा फाउंटन, गर्दीचे रस्ते, दुरून दिसणारी घरांची छपरे हे त्या चित्रांचे विषय. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईस आलेले समीक्षक लेडन, चित्रकार लांगहॅमर आणि संग्राहक श्लेसिंगर यांनी हा गुण वेळीच ओळखला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपमध्ये सूझा, हुसेन व आरा यांच्यासमवेत रझा होते. तसेच आपले विदर्भातले हरी अंबादास गाडे आणि बडोद्यात जन्मलेले सदानंद बाकरे हेही होते. १९४८ मध्ये काश्मीरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांची चित्रे पाहून त्यांना चित्राच्या बांधणीकडे लक्ष देण्यास व सेझानचा अभ्यास करण्यास सांगितले. १९५० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन रझा पॅरिसला गेले.

या चित्रांना संग्राहक का जपतात? जलरंग हे माध्यम मोठे कठोर. तैलरंगात चुकलेला फटकारा झाकता येतो. ओल्या कागदावर उतरलेला रंग परत घेता येत नाही. त्यामुळे तरुण चित्रकाराचा हात, त्याचे धाडस आणि त्याचे अडखळणे, सारे तेथे उघडे असते. पुढे कॅनव्हासवर धगधगणारा रंगांचा सोस येथे पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत दिसतो. बाजारात ही चित्रे मोठ्या कॅनव्हासांच्या मानाने पुष्कळ कमी किमतीस जातात. परंतु चित्रकार घडला कसा हे ज्याला पाहावयाचे आहे, त्याला त्यांच्यावाचून गत्यंतर नाही.

आणि नेमका येथेच धोका आहे. सुरुवातीची चित्रे बहुधा थोडक्या पैशांत विकली जातात, मित्रांना भेट दिली जातात. ना पावती, ना नोंद. या पोकळीत खोटेपणा शिरतो. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत रझांच्या जुन्या चित्रांचे म्हणून एक प्रदर्शन भरले. ८६ वर्षांचे रझा स्वतः तेथे गेले आणि त्यांना आढळले की, भिंतीवरील बहुतेक चित्रे आपली नाहीतच. प्रदर्शन बंद करावे लागले. चित्रकार हयात होता म्हणून हे उघडकीस आले; तो नसता तर साक्ष कोणी दिली असती? म्हणूनच सही पाहून जाणकार संग्राहकाचे समाधान होत नाही. कागद कोणता, तो किती जुना, आणि चित्र कोणाच्या हातून कोणाकडे आले, ही परंपरा तो विचारतो.

हे सारे आम्ही आपणांपुढे का मांडतो? नोकरीनिमित्त गावोगाव फिरलेल्या आपल्या कुटुंबांच्या ट्रंकांत कोणा काकांनी, मामांनी कलाशाळेत असताना काढलेली निसर्गचित्रे आजही सापडतात. बदलीच्या वेळी सामान आवरताना ती रद्दीत जातात. तसे होऊ देऊ नये. चौकटीमागची जुनी चिठ्ठी फाडू नये, चित्राच्या कडा कापू नयेत, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. ऊन, ओल आणि कसर हे कागदाचे वैरी; चित्र उन्हाच्या भिंतीवर टांगू नये, आम्लरहित पुठ्ठ्यावर ठेवावे. चित्र कोणी, कधी, कोणाला दिले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. ही माहिती त्यांच्याबरोबर गेली की कोणत्याही लिलावात परत मिळत नाही. चित्रकार नामांकित नसेल, तर चित्राला कदाचित भाव येणार नाही. पण आपले एक माणूस कोणे एके काळी एखाद्या नदीकाठी रंगपेटी घेऊन बसले होते, याचा तो एकमेव पुरावा असेल.

रझा ६० वर्षे फ्रान्समध्ये राहिले, २०१० मध्ये भारतात परतले आणि २०१६ मध्ये दिल्लीत निवर्तले. मंडल्यास, वडिलांच्या कबरीशेजारी, त्यांचे दफन झाले. घरापासून दूर राहून घराची खूण कशी राखावी, हे आपल्यासारख्यांना त्यांच्यापासून शिकता येईल.