गाठीतली वीण

(मच्छे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषेच्या व्यासपीठावर विकृतिशास्त्राच्या माणसाने काय बोलावे, हा प्रश्न निमंत्रण आले तेव्हा मलाही पडला. माझे आयुष्य सूक्ष्मदर्शकापाशी बसून गेले. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा पाहायचा आणि तो काय आहे ते चार ओळींत लिहून द्यायचे, हे आमचे काम. म्हणजे आम्हीही लिहिणारेच. फक्त आमच्या चार ओळींवर कुणाचा तरी हात राहणार की जाणार, हे ठरते.

आज मी त्वचेतल्या आणि त्वचेखालच्या मऊ भागातल्या तंतुमय गाठींविषयी बोलणार आहे. विषय कोरडा वाटेल. पण या गाठी ओळखण्याच्या कामात शब्द जितका उपयोगी पडतो, तितका दुसऱ्या कुठल्याच गाठीत पडत नसेल, असे माझे मत आहे.

आधी तुकड्याचे काय होते ते थोडक्यात सांगतो. तो फॉर्मेलिनमध्ये ठेवून टिकवतात, मेणात बसवतात आणि यंत्रावर त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. माणसाच्या केसाचा पंधरावा-विसावा हिस्सा म्हणा. एवढ्या पातळ कापाला स्वतःचा रंग असा राहत नाही, म्हणून तो रंगवावा लागतो. त्यातला निळा-जांभळा रंग, हिमॅटॉक्सिलिन, मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून येतो आणि तो धरावा म्हणून त्यात तुरटी घालतात. वडगाव, शहापूर, खासबाग ही विणकरांची वस्ती आपल्याला जवळची आहे. रंग पक्का व्हायला तुरटी कशाला लागते, हे तिथल्या जुन्या माणसांना मी सांगायला नको. दुसरा रंग इओसिन, गुलाबी. पेशीचे केंद्रक निळे दिसते, आणि कातडीला ताकद देणारे कोलॅजनचे तंतू गुलाबी.

हे तंतू तयार करणारी पेशी म्हणजे तंतुजनक पेशी. अडचण इथून सुरू होते. या पेशीला चेहरा नाही. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये केंद्रक, बस. तंतुजनक पेशी अशी दिसते, गुळगुळीत स्नायूची पेशी साधारण अशीच दिसते, मज्जातंतूच्या आवरणाची पेशीही अशीच. पुस्तकात हिला ‘तर्कुरूप पेशी’ म्हटले आहे. मी कित्येक वर्षे हा शब्द फळ्यावर लिहिला आणि मुलांनी तो वहीत उतरवला. तर्कु म्हणजे काय, हे एकानेही विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

एकदा वडगावचे एक विणकर स्वतःच्या गाठीचा अहवाल न्यायला आले. वयस्क, चौकस माणूस. म्हणाले, “डॉक्टर, मला दाखवा की जरा.” मी काच लावून दिली. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “हे तर धोटे हाईत सगळे.” मागावर आडवे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा, दोन्ही टोकांना निमुळता! पुढचे त्यांचे वाक्य मला अजून आठवते: “पर विणलंय कसं, ते बघा की.”

आमच्या विद्येचे सार त्या वाक्यात होते. एकटा धोटा पाहून कापड ओळखता येत नाही, वीण पाहावी लागते. आणि हे विणकामाचे नाते मी ओढूनताणून आणत नाही. शरीराच्या ‘टिश्यू’ला आपण ऊती म्हणतो, संस्कृतात ऊती म्हणजे विणणे. इंग्रजीतला तो शब्द विणलेल्या कापडाच्या फ्रेंच शब्दापासून आला. ऊतिशास्त्राच्या ग्रीक नावात ‘हिस्टॉस’ आहे, म्हणजे माग. तिन्ही भाषांना शरीरात एकच गोष्ट दिसली.

आता विणी. त्वचेत नेहमी आढळणारी निरुपद्रवी गाठ म्हणजे डर्मॅटोफायब्रोमा, मराठीत त्वक्-तंत्वर्बुद. पायावर, हातावर वाटाण्याएवढी, कठीण. दोन बोटांत चिमटली तर वर येण्याऐवजी मध्ये खळी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली धोटे आखूड जुड्यांनी एकमेकांना छेदत, एका मध्याभोवती फिरल्यासारखे मांडलेले असतात. या मांडणीचे शास्त्रीय नाव लॅटिनमधल्या चटईच्या शब्दावरून पडले आहे. आपण सरळ चटईची वीण म्हणू; कन्नड घरातल्या विद्यार्थ्याला मी ‘चापे’ म्हणून सांगतो, त्यालाही लगेच कळते.

पण चटई दुसरीकडेही दिसते. डर्मॅटोफायब्रोसारकोमा प्रोट्यूबरन्स या लांबलचक नावाची एक गाठ आहे. १९२४ मध्ये फ्रान्समध्ये दारिए आणि फेराँ यांनी ती वर्णिली. सुरुवातीला ती जुन्या व्रणासारखी सपाट दिसते, वर्षानुवर्षे हळूहळू वाढते, आणि म्हणूनच दुर्लक्षित राहते. तिची चटई अधिक एकसारखी, दाट. खरा फरक मात्र खाली, चरबीत दिसतो. साधी गाठ चरबीच्या काठाशी थांबते किंवा थोडीशी आत शिरते. ही गाठ चरबीच्या एकेका पेशीच्या मधून वाट काढत जाते आणि चरबीची गोल छिद्रे तशीच उरतात. पुस्तके मधाच्या पोळ्याची उपमा देतात. माझ्या वर्गात जाळी पडलेली आंबोळी जास्त चालते. ही गाठ नुसती टोकरून काढली तर परत येते. भोवतालची चांगली दिसणारी कातडीही रुंद काढावी लागते. आता सीडी ३४ नावाची रंगपरीक्षा मदतीला आहे, १७ आणि २२ या गुणसूत्रांमधली अदलाबदलही तपासता येते. पण ती परीक्षा मागवायची बुद्धी वीण पाहूनच होते.

केलॉइड तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. कान टोचल्यावर एखाद्या मुलीच्या पाळीवर जखमेपेक्षा मोठा गोळा वाढतो, तो. तिथे धोटे थोडे आणि सूतच फार: जाड, काचेसारखे चकचकीत गुलाबी पट्टे. तो कर्करोग नव्हे. हे आईला आधी सांगावे, बाकीचे नंतर.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. खानापूरकडचे एक शेतमजूर, पन्नाशीचे. कोपरावर आणि मांडीवर चकचकीत, घट्ट गाठी. त्यातली एक काढून आमच्याकडे आली. सोबतच्या कागदावर एकच शब्द, ‘गाठ’. किती आहेत, कधीपासून, बधिरपणा आहे का, काही नाही. मी पाहिले: धोटे, चटईची वीण. डर्मॅटोफायब्रोमा, निरुपद्रवी, असे लिहून दिले. कागदावर काही नव्हते हे खरे, पण फोन उचलून विचारायला मला कुणी अडवले नव्हते.

दोन वर्षांनी ते परत आले तेव्हा गाठी मोजण्यापलीकडे गेल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकले होते. या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने काच पाहून एवढेच विचारले, “कुष्ठाचा रंग लावला का?” तो रंग लावताना मेण काढायच्या वेळी झायलीनमध्ये शेंगदाण्याचे तेल मिसळतात, म्हणजे जंतूंचे मेणचट आवरण धुऊन जात नाही. तासाभरात काच तयार झाली. प्रत्येक धोट्यात लाल काड्यांचे भारेच्या भारे. ती गाठ नव्हतीच. तो कुष्ठरोग होता, हिस्टॉइड प्रकारचा. फिलिपाइन्समधल्या क्युलिअन बेटावर काम केलेल्या वेड यांनी १९६३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. ऊतीच्या गाठीसारखा दिसतो, म्हणून हिस्टॉइड. त्या नावातही मागच बसलेला आहे.

मी जुनी काच काढून पुन्हा पाहिली. फरक समोर होता. डर्मॅटोफायब्रोमावरची बाह्यत्वचा बहुधा जाड होते, तिच्या खालच्या थरात रंगद्रव्य वाढते. इथे ती ताणून पातळ झाली होती, फुगलेल्या फुग्यासारखी. मी मधली वीण पाहून समाधानी झालो आणि वर पाहायचे राहिले. औषधे फुकट मिळत होती, त्यांनी ती घेतली, गाठी विरल्या. बोटे मात्र सरळ झाली नाहीत. तेव्हापासून आपल्या भागातल्या अशा कुठल्याही तुकड्यावर मी कुष्ठाचा रंग लावल्याशिवाय सही करत नाही.

उलट्या बाजूची चूकही होते. नोड्युलर फॅसायटिस नावाची एक गाठ तरुणांच्या हाताच्या पुढच्या भागावर येते आणि दोन-तीन आठवड्यांत वाढते. काचेखाली पेशी विभागताना दिसतात, वीण विस्कटलेली, एखाद्या पोराने सूत ओरबाडून टाकावे तशी. घाबरलेला डॉक्टर सारकोमा लिहून मोकळा होतो. पण ती आपोआप विरूही शकते. १९५५ मध्ये तिचे पहिले नीट वर्णन झाले; त्याआधी किती निरोगी हात कापले गेले असतील, याचा विचार नको वाटतो. ‘तीन आठवड्यांत वाढली’ ही माहिती कागदावर असली तर हात वाचतो. सारकोमा सहसा इतक्या घाईने येत नाही.

आपल्याकडच्या शब्दांना विज्ञानात जागा नाही, अशी तक्रार मी इथे अनेकदा ऐकली. त्यावर एक नाव सांगतो: डॉ. वसंत रामजी खानोलकर. आरती प्रभूंचे आडनाव तेच, त्यामुळे लेखक मंडळींची गल्लत होते, हे वेगळे. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तिथल्या प्रयोगशाळांचे ते प्रमुख. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना मान आहे. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासह त्यांनी एक निबंध लिहिला. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट धोतर नेसल्याने त्या पट्ट्यातली कातडी काळवंडते, व्रण पडतो आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. तो तंतुमय नव्हे, बाह्यत्वचेचा. पण जगाच्या वैद्यकात त्याचे नाव ‘धोती कॅन्सर’ असेच गेले. त्यांनी रुग्णाच्या कमरेकडे पाहिले आणि तिथे जे दिसले त्याचे नाव दिले.

शब्दांची एक अडचणही सांगायला हवी. मराठीत पेशी म्हणजे सेल. हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू. कन्नडमध्ये सेलला जीवकोश म्हणतात. सीमाभागातला विद्यार्थी तिन्ही पुस्तके वाचतो आणि परीक्षेत गोंधळतो. अर्बुद हा शब्द सुश्रुताने वापरला, मांसार्बुदही त्याचेच. पण त्याचे मांसार्बुद आणि आजचा सारकोमा एकच धरणे चूक आहे. जुना शब्द घेताना त्याचा जुना अर्थ बाजूला काढून ठेवावा लागतो. रुग्णाशी बोलताना मी अर्बुद म्हणत नाही. गाठ म्हणतो, आणि लगेच कसली ते सांगतो.

बाहेर व्हरांड्यात सूक्ष्मदर्शक मांडला आहे. दोन काचा आहेत, दोन्हींत चटईची वीण दिसेल. कोणती कशाची, ते मी आधी सांगणार नाही. पाहताना डोळा मधेच अडकवू नका. वरची कातडी पाहा, मग खालची चरबी. आणि जे दिसेल ते आपल्या घरच्या शब्दात शेजारच्या वहीत लिहा.